दोन कोरे कागद

परंड्याच्या भुईकोट किल्ल्यात मी बहुधा उतरत्या उन्हात जातो. दिवसभर तापलेला काळा दगड त्या वेळी आपली ऊब सावकाश परत देऊ लागलेला असतो, खंदकाच्या काठावरचे वाळले गवत वाऱ्याने एका अंगाला निजलेले असते, आणि तटाच्या आत पाऊल टाकले की बाजाराचा, एसटी स्टँडचा, ट्रॅक्टरांचा कोलाहल कोणी दार लोटून घ्यावे तसा मागे राहतो. एकदा असाच एका बुरुजावर बसलो असता दोन शाळकरी मुले धापा टाकीत वर आली आणि त्यांच्यातल्या मोठ्याने हातातला मोबाईल डोक्याच्याही वर धरला. खाली रेंज नव्हती, वर होती. काही क्षण दोघेही निःशब्द उभे राहिले, मग धाकटा दगडावर मांडी घालून बसला, वही उघडली, आणि गुरुजींनी धाडलेली गणिते थोरला वाचून दाखवू लागला तशी तो उतरवून घेऊ लागला. ज्या बुरुजावरून शत्रूची चाहूल घेतली जाई, तेथे आज ही दोन पोरे दूरच्या शब्दाची चाहूल घेत होती. दगड तोच, उंची तीच. बदलला होता तो कान देण्याचा हेतू. आणि हेतू बदलला की वास्तूचा अर्थ किती सहज पालटतो, याचे मला त्या संध्याकाळी फार वेळ नवल वाटत राहिले.

हा किल्ला बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याने बांधविला, असे परंपरा सांगते. कास्पियन समुद्राच्या काठच्या गिलान प्रांतातला हा माणूस पंधराव्या शतकाच्या मध्यावर व्यापाराच्या निमित्ताने दख्खनमध्ये आला आणि या मातीत असा रुजला की राज्याचा कारभारच त्याच्या हाती आला. तट उभारणारा म्हणून त्याचे नाव इथे घेतले जाते. परंतु त्याचा जीव गुंतला होता तो तटांत नव्हे, कागदांत. १४७२ मध्ये त्याने बीदरला मदरसा उभारला, दूरदूरचे विद्वान बोलावले, सुमारे ३००० हस्तलिखितांचा संग्रह केला. त्याच्या पत्रांचा ‘रियाज-उल-इन्शा’ हा ग्रंथ आजही उपलब्ध आहे, आणि त्यात हेरातच्या जामीसारख्या कवीला लिहिलेली पत्रे आहेत, तुर्कस्तानच्या सुलतानाला लिहिलेली आहेत. बीदरहून निघालेले पत्र घाट उतरून बंदराला जाणार, गलबतात बसून समुद्र ओलांडणार, उंटाच्या पाठीवरून वाळवंट कापणार, आणि ज्याच्यासाठी लिहिले तो उत्तर देण्याइतका जिवंत असला तर उत्तर तेवढेच अंतर उलट चालून येणार. इतक्या दीर्घ प्रतीक्षेवर विसंबून ज्यांनी एकमेकांशी विद्येचे नाते राखले, त्यांना शब्दाचे मोल वेगळे सांगावे लागले नसेल.

याच किल्ल्यात एके काळी मुलूखमैदान तोफ होती. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेले ते अजस्र धूड परंड्यात राहिले आणि १६३२ मध्ये विजापूरला ओढून नेले गेले. तेवढे वजन हलवायला किती बैल, किती माणसे, किती दिवस लागले असतील, याची कल्पना करताना मला त्या वजिराची पत्रे आठवतात. भीती हलवायला सारा मुलूख जुंपावा लागतो, आणि जिज्ञासा एका घडी घातलेल्या कागदावर बसून निघून जाते. शाळाशाळांना जोडणाऱ्या अदृश्य तारांविषयी आज आपण जे बोलतो, त्याचे मूळ मला या हलकेपणात दिसते. तार नवी आहे. दूरच्या कोणा अनोळखी मनाला विचारून पाहावे, ही असोशी मात्र फार जुनी आहे.

तरीही या कथेचा शेवट आठवला की मन थबकते. १४८१ मध्ये महमूद गावानला सुलतानाच्या आज्ञेने ठार करण्यात आले, आणि त्याला कारण झाले ते एक पत्र. इतिहासकार फरिश्त्याने नोंदविलेली हकिकत अशी, की त्याच्या वैऱ्यांनी मोहोर सांभाळणाऱ्या सेवकाला मद्य पाजले आणि एका कोऱ्या कागदावर वजिराची मोहोर उमटवून घेतली. मग त्या कागदावर ओरिसाच्या राजाला राज्यावर चालून येण्याचे निमंत्रण लिहिले आणि तो सुलतानापुढे ठेवला. सत्तरी ओलांडलेल्या वजिराने एवढेच सांगितले, की मोहोर आपली आहे, मजकूर आपला नाही. ते ऐकून घेण्याइतका अवधी कोणापाशी उरलेला नव्हता. आयुष्यभर पत्रांनी जग जोडणारा माणूस एका पत्रानेच संपला. आज कोणाच्या तरी फोनवरून, न वाचता, न पडताळता पुढे ढकललेला एखादा विखारी निरोप गावात अशांतता माजवतो, किंवा एखादा विद्यार्थी कोठूनतरी उचललेला निबंध आपले नाव घालून वहीत उतरवतो, तेव्हा पाच शतकांपूर्वीचे ते वाक्य मला पुन्हा ऐकू येते. मोहोर आपली, मजकूर आपला नाही. जोडलेपणाचे सर्वांत मोठे भय तंत्रात नाही. ते या एका फटीत आहे, जिथे माणसाचे नाव आणि माणसाचे मन यांची ताटातूट होते.

आणि मग, जणू उतारा म्हणून, आपल्या परंपरेतला दुसरा कोरा कागद आठवतो. चौदाशे वर्षांच्या तपाचा धनी चांगदेव, ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून त्यांना पत्र लिहायला बसला. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने ते मोठे. ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार लिहावा, तर वयाने ते पोर. मायना सुचेना, आणि अखेर त्याने कागद कोराच धाडला. मुक्ताबाईने तो पाहून, इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असे म्हटल्याची कथा आहे. आणि निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानेश्वरांनी त्या कोरेपणाला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या लिहिल्या, ज्यांना आपण ‘चांगदेव पासष्टी’ म्हणतो. पुढे तो वृद्ध योगी त्या चिमुरड्या मुक्ताबाईचा शिष्य झाला. चालविलेल्या भिंतीचा चमत्कार आपण मोठ्या कौतुकाने सांगतो, पण मला खरा चमत्कार तो कोरा कागद वाटतो. कोणाला काय म्हणावे हेदेखील मला कळत नाही, ही कबुली त्याने लपविली नाही. ती घडी घालून पाठविली.

दोन्ही कागद कोरेच होते. एकावर न वाचता मोहोर उमटली आणि त्यात विष भरले गेले. दुसऱ्यावर नम्रतेने काहीच लिहिले गेले नाही आणि त्यात तत्त्वज्ञान उतरले. मुलांच्या हाती आज जी उजळ काच आलेली आहे, तीही असाच एक कोरा कागद आहे, आणि तो यांतल्या कोणत्या जातीचा ठरणार हे काचेला ठाऊक नाही. ते ठरते तिच्याभोवती बसलेल्यांच्या वृत्तीवरून. म्हणून शाळेत नेटवर्कचे जाळे आले की नाही, यापेक्षा त्या जाळ्यात न कळल्याची कबुली द्यायला जागा आहे की नाही, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

ही कबुली मी एकदा प्रत्यक्ष पाहिली. परंडा तालुक्यातल्या एका वस्तीवरची ती द्विशिक्षकी शाळा. दोन खोल्या, पुढे लिंबाचे झाड, भिंतीवर पाढे आणि ऋतुचक्र. त्या दिवशी एका खोलीत तिसरी आणि चौथी एकत्र बसली होती आणि बाईंचा मोबाईल पुस्तकांच्या चळतीला टेकवून उभा केला होता. त्या चौकोनात कोकणातल्या एका शाळेची मुले दाटीवाटीने दिसत होती. आधी नावे झाली, मग गावे झाली, मग दोन्हीकडच्या मुलांनी एकमेकांना आपापले अंगण दाखविले. आमच्या मुलांनी भरती-ओहोटीविषयी विचारले. पाणी मागे जाते म्हणजे नेमके कुठे जाते, हा प्रश्न त्यांना केव्हापासून छळीत होता. तिकडून उत्तर आले, थोडे चुकत, थोडे एकमेकांना दुरुस्त करीत. मग तिकडच्या एका मुलीने विचारले, “तुमची नदी उन्हाळ्यात कुठे जाते?”

खोली एकदम शांत झाली. सीना उन्हाळ्यात आटते, हे इथल्या मुलांना जन्मापासून माहीत. इतके माहीत, की त्यात विचारण्यासारखे काही असू शकते हेच कधी कोणाला सुचले नव्हते. एक मुलगा म्हणाला, आटते. तिकडून पुन्हा प्रश्न आला, आटते म्हणजे कुठे जाते? दुसरा म्हणाला, उन्हाने उडून जाते. तिसरी म्हणाली, खाली झिरपते, आमच्या आजीने तिच्या लहानपणी वाळूत झरा उकरून पाणी काढले आहे. चौथा म्हणाला, वरच्या अंगाला अडवतात. बाई गप्प होत्या, आणि त्यांचे ते गप्प राहणे मला त्या दिवशीचे सर्वांत सुंदर अध्यापन वाटले. शेवटी चौथीतली एक मुलगी फोनजवळ सरकली आणि म्हणाली, “आम्हाला नीट माहीत नाही. विचारून सांगतो.”

मला त्या क्षणी चांगदेवाचे पत्र उलगडल्यासारखे वाटले. दूरच्या शाळेने या मुलांना नवी माहिती दिली हे तर झालेच, पण त्याहून मोठी देणगी म्हणजे तिने त्यांची स्वतःची नदी त्यांना अनोळखी करून दिली. आपल्याच दारातली गोष्ट परक्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती खऱ्या अर्थाने आपली होत नाही. संवादाच्या तंत्राचा इतका अट्टाहास कशासाठी, असे कोणी विचारले तर मी एवढेच सांगेन, की तो दूरचे जवळ आणण्यासाठी तर आहेच. पण जवळचे क्षणभर दूर नेऊन पुन्हा हाती देण्यासाठी तो अधिक आहे.

शेजारच्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत २००९ साली रुजू झालेले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, आणि एका लहानशा वाडीतली ती कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आणि देशाच्या अन्य पुस्तकांतही पोचली, हे आता सर्वश्रुत आहे. छापील पानाच्या कोपऱ्यातला तो काळापांढरा चौकोन पाहिला की मला जुन्या वाड्यातले कोनाडे आठवतात, ज्यांत हात घातला की काहीतरी सापडेल अशी लहानपणी आशा असे. वैरी मानल्या गेलेल्या देशांतील मुलांना एकमेकांशी बोलते करण्याचा उपक्रमही त्यांनी केला. परंतु त्यांच्या कहाणीत मला सर्वांत आत जाऊन भिडते ते वेगळेच. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले, दहा लाख डॉलरचे. आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले. ज्यांच्याशी स्पर्धा झाली त्यांनाच सोबती मानणे, ही गोष्ट कोणत्याही कोडमध्ये साठविता येत नाही. मुले ते पाहून शिकतात; आणि पाहून शिकलेले, पाठ केलेल्यापेक्षा फार खोल जाते.

एकत्र शिकण्याची ही कल्पना संगणकाबरोबर आली, असे आपल्याला उगाच वाटते. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर बोट फिरवणाऱ्या लहानग्याचा हात त्याच्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठ्या पोराने धरलेला असे; एक गुरू आणि वेगवेगळ्या वयांची मुले, मग दुसरे होणार तरी काय? अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमध्ये अनाथ मुलांची शाळा चालविणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी अशीच वाळूत अक्षरे काढणारी देशी शाळा पाहिली, मुलांनीच मुलांना शिकविण्याची रीत आपल्या शाळेत आणली, आणि १७९७ मध्ये त्याविषयीचे पुस्तक लंडनला छापले. तिकडे ती पद्धत ‘मद्रास पद्धती’ या नावाने शाळाशाळांत पसरली. इथल्या धुळीतून उचललेली गोष्ट समुद्रापार जाऊन पद्धत झाली. तिथे तिला शिस्त आली, रांगा आल्या, वेळापत्रक आले. पण थोरल्याने धाकट्याचा हात धरण्यात जो स्पर्श होता, तो बहुधा त्या धुळीतच राहिला. प्रत्येक शिक्षणसुधारणेपुढे हाच प्रश्न उभा असतो, की रीत उचलताना स्पर्श बरोबर येतो की नाही.

स्पर्शाचा विचार करता करता पावले डोमगावकडे वळतात. परंडा तालुक्यातच, सीनेच्या काठी, समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांचा मठ आणि समाधी आहे. शिवथरच्या घळीत समर्थ सांगत गेले आणि कल्याण लिहीत गेले, अशी दासबोधाच्या जन्माची कथा. वीस दशक, दोनशे समास. आणि ते सारे एका माणसाच्या बोरूतून उतरलेले. कल्याणांच्या हातची, समर्थांच्या नजरेखालून गेलेली अशी मानली जाणारी प्रत याच मठात जपली गेली, आणि धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्या आधारे दासबोध छापून महाराष्ट्राच्या हाती दिला. या ग्रंथात एक संपूर्ण समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा असाव्यात, शाई, कागद, लेखणी यांची निगा कशी राखावी, हे सारे परमार्थाच्या ग्रंथात बारकाईने सांगितलेले आहे. पूर्वी मला त्याचे आश्चर्य वाटे. आता वाटत नाही. ज्यांना मठामठांतून विचार पोचवायचा होता, त्यांना ठाऊक होते, की एका प्रतीवरून दुसरी प्रत होताना हात घाईत असला तर अर्थ वाटेत सांडतो.

नक्कल करणे हा शब्द शाळेत आज अपराधाचा झाला आहे, आणि तो तसा व्हावा अशीच नक्कल आपण करू लागलो आहोत. बोटाच्या एका दाबाने पानेच्या पाने इकडून तिकडे जातात, आणि नेणाऱ्याच्या मनावर त्यांचा ओरखडाही उठत नाही. कल्याणांनी केले ते याच्या उलट होते. लिहिणाऱ्याचा हात सावकाश, आणि त्या सावकाशीत प्रत्येक शब्द कानातून मनात, मनातून बोटांत आणि बोटांतून कागदावर उतरत गेला. इतका प्रवास केलेला शब्द ज्याच्यातून गेला त्याला पालटल्यावाचून कसा जाईल? आणि तो एकट्यासाठीही लिहिला जात नव्हता. पुढे कोणी वाचणार आहे, त्यावरून कोणी आणखी उतरवून घेणार आहे, ही जाण त्या हातात होती. घेणारा जेव्हा पुढच्यासाठी देणारा होतो तेव्हाच शिकणे पुरे होते, ही गोष्ट मला कोणत्या शिक्षणशास्त्राने नव्हे, या नदीकाठच्या समाधीने शिकविली.

परंड्यावरून आषाढीच्या आधी पैठणहून निघालेली नाथांची पालखी जाते. टाळ वाजत असतात, पुढच्या रांगेने उचललेले चरण मागची रांग झेलते, ज्याला पाठ नाही तो ऐकत ऐकत चार मुक्कामांत म्हणू लागतो. शिकवितो कोण आणि शिकतो कोण, हे दिंडीत वेगळे काढता येत नाही. परंतु त्या पालखीतले एकनाथ मला आणखी एका कारणासाठी पूज्य आहेत. ज्ञानेश्वरी लिहिली गेल्यानंतरच्या तीनशे वर्षांत हातोहाती उतरताना तिच्यात अपपाठ शिरले होते, कोणी आपल्या पदरच्या ओव्या घातल्या होत्या. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध केली. जे अनेकांच्या हातांतून जाते ते समृद्ध होते आणि मलिनही होते. म्हणून प्रत्येक पिढीत कोणी तरी दिवा लावून प्रती शेजारीशेजारी ठेवून बसावे लागते. आजच्या अथांग माहितीत शिक्षकाचे काम काय, असे विचारणाऱ्यांना मी नाथांचे ते काम दाखवीन. आता त्याने सर्व काही सांगावे अशी गरज राहिलेली नाही. त्याने मुलांना दोन प्रती शेजारी ठेवायला शिकवावे, आणि फरक दिसला तर थांबायला शिकवावे. मोहोर पाहून मजकूर खरा मानू नये, हे तर सर्वांआधी शिकवावे.

नेटवर्कला आपण जाळे म्हणतो, आणि मराठीत जाळे हा शब्द निर्धोक नाही. जाळ्यात मासा सापडतो, पाखरू अडकते, भोळा माणूस ओढला जातो. मला त्याऐवजी वीण हा शब्द जवळचा वाटतो. गोधडीच्या टाक्यांची वीण असते, बाजेच्या सुंभाची असते. तिच्यात प्रत्येक धागा दुसऱ्याला धरून असतो आणि त्यामुळेच स्वतःही टिकतो. जाळे पकडते, वीण धरून ठेवते. फरक दोऱ्यात नाही. तो विणणाऱ्याच्या मनात काय आहे, यात आहे.

ही वीण जिथे सर्वाधिक हवी, तिथे ती सर्वाधिक विरळ आहे, हे या भागात राहून विसरता येत नाही. परंडा, भूम, वाशी, पलीकडे बीड. दसरा-दिवाळी सरली की उचल घेतलेली कुटुंबे ट्रॅक्टरवर संसार लादून ऊसतोडीला निघतात, आणि वर्गातल्या काही जागा फेब्रुवारी-मार्चपर्यंत मोकळ्या होतात. हंगामी वसतिगृहे झाली, साखरशाळा झाल्या, आजीपाशी मुले ठेवली गेली. तरी काही पोरे आईबापांबरोबर फडावरच्या कोपीवर जातातच. अशा एका मुलाच्या आईच्या फोनवर संध्याकाळी वर्गातल्या मैत्रिणीने फळ्याचे छायाचित्र पाठवावे, आणि त्याने उसाच्या फडाजवळ बसून त्याखाली एवढेच लिहावे, की तिसरे गणित समजले नाही. या लहानशा देवाणघेवाणीत मला जे दिसते ते कोणत्याही घोषणेत दिसत नाही. त्या मुलाची वर्गातली जागा मोकळी असते, पण पुसली गेलेली नसते. कोणी तरी आपली वाट पाहते आहे, हे कळणे हा शिक्षणाचा पहिला धडा आहे, आणि तो दुरूनही देता येतो.

तारा अपुऱ्या पडल्या तिथे माणसांनी भिंतींचे काम करून दाखविले, हेही याच परिसराने पाहिले. करोनाच्या काळात शाळांना कुलपे लागली आणि घरोघरी फोन नव्हते, तेव्हा सोलापूरच्या नीलमनगरात आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगविले; मूल चालता चालता वाचू लागले, थांबून सोडवू लागले, शेजारच्या आईला विचारू लागले. त्याआधी साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये प्रतिभा भराडे आणि त्यांच्या सहकारी शिक्षकांनी वर्गाची फरशीच फळा केली होती, आणि ते पाहायला राज्यभरातून शिक्षक जात, परत येऊन आपल्या शाळेच्या फरशीवर तसेच आखीत, पण तंतोतंत तसेच नव्हे. प्रत्येक गाव त्यात आपला एक टाका घाली. ज्ञानेश्वरांनी भिंत चालविली ही कथा आपण ऐकली. शिक्षकांनी भिंतींना बोलते केले हे आपण पाहिले. अडविण्यासाठी उभारलेली वस्तू उघडी होऊन पुढ्यात येते, तेव्हा त्यामागे कोणाचा तरी हट्टी जिव्हाळा असतोच.

महिन्याभराने मी पुन्हा त्या वस्तीवरच्या शाळेत गेलो. मुलांनी विचारून आणले होते. एका आजोबांनी सांगितले होते, की पूर्वी डोह होते, त्यात उन्हाळाभर पाणी राही. एका आजीने झऱ्याची जागा दाखविली होती. कोणाच्या मामाने बोअरवेलची खोली सांगितली होती, आणि बाईंनी मुलांबरोबर नकाशावर धरण शोधले होते. उत्तरे एकमेकांशी जुळत नव्हती. चौथीतली ती मुलगी एका कागदावर कोकणच्या मुलांसाठी पत्र लिहीत होती. त्याचे छायाचित्र काढून धाडायचे होते, पण आधी हाताने लिहायचे, असे बाईंचे म्हणणे होते. भोवती पाचसात डोकी वाकली होती.

तिने पहिल्यांदा लिहिले होते, नदी उन्हाळ्यात मरते. एक मुलगा म्हणाला, मेली तर पावसाळ्यात परत कशी येते? तिने मान वर केली, त्याच्याकडे पाहिले, ते वाक्य खोडले, आणि मग बराच वेळ काहीच लिहिले नाही. कोणी घाई केली नाही. फोन चळतीला टेकून उभा होता, त्याची काच कधीच काळी झालेली होती. खिडकीतून लिंबाची सावली कागदाच्या कोऱ्या भागावर हलत होती, आणि ती सारी मुले तिच्याकडे अशी पाहत होती, की जणू पुढचा शब्द तिथूनच उगवणार आहे.